पावडर की पेंट? प्रश्नातला ‘की’ तपासताना

गेल्या पावसाळ्यात मामाचा फोन आला. “तू रंगावरच पीएचडी करतेस ना? मग एक साधी गोष्ट सांग. गाडीच्या चाकांना पावडर कोटिंग करून घेऊ की पेंट मारून घेऊ?”

मी गप्प. धातूवर चढवल्या जाणाऱ्या औद्योगिक लेपांचा इतिहास हा माझा विषय आहे, तिसरं वर्ष चालू आहे, आणि या प्रश्नाचं सरळ उत्तर माझ्याकडे नव्हतं. “तसं साधं नाहीये ते,” असं काहीतरी पुटपुटले. मामा म्हणाला, “म्हणजे तुला माहीत नाही,” आणि त्याने फोन ठेवला.

मामाच्या गाडीला अ‍ॅल्युमिनियमची अलॉय चाकं आहेत. बारा वर्षांत फुटपाथला घासून त्यांच्या कडा खरवडल्या गेल्यात आणि वरच्या पारदर्शक थराखाली पांढऱ्या मुळ्या पसराव्यात तसा गंज पसरलाय. एक दुकानदार म्हणाला, पावडर करा, चार दिवस गाडी ठेवा, एकदाच काय तो खर्च. दुसरा म्हणाला, कशाला भट्टीत घालताय, मी संध्याकाळपर्यंत पेंट मारून देतो. दोघंही आपापल्या जागी ठाम.

हा लेख मामासाठी नाही, त्याचं काय झालं ते शेवटी सांगतेच. हा तुमच्यासाठी आहे, म्हणजे पेटची तयारी करणाऱ्या किंवा प्रपोजल लिहायला बसलेल्या आणि ‘अमुक चांगलं की तमुक’ असा विषय घेऊन गाइडकडे निघालेल्या तुम्हा मंडळींसाठी. माझं पहिलं प्रपोजल अगदी तसलंच होतं. दोन तंत्रज्ञानांची तुलना, एक तक्ता, शेवटी निकाल. गाइडनी तक्त्यावर बोट ठेवून विचारलं, “हे दोनच रकाने का?” मला तेव्हा तो प्रश्न खोचक वाटला होता. आता वाटतं, इतिहासाच्या विद्यार्थ्याने पहिल्यांदा विचारायचा प्रश्न तोच आहे.

आधी थोडं तांत्रिक, नाहीतर पुढचं कळणार नाही. पातळ रंगात तीन गोष्टी असतात: थर बनवणारं रेझिन, रंगद्रव्य आणि हे सगळं पातळ ठेवणारं द्रावण, ज्याला दुकानात सरसकट थिनर म्हणतात. रंग मारला की थिनर हवेत उडून जातो आणि बाकीचं मागे राहतं. पावडरमध्ये थिनर नसतोच. रेझिन, हार्डनर आणि रंगद्रव्य वितळवून एकजीव करतात, थंड करतात, पापडासारखे तुकडे पाडतात आणि दळतात. ही पूड विजेचा भार देऊन गनमधून उडवायची. वस्तू अर्थिंगला जोडलेली असते, त्यामुळे पूड तिच्यावर जाऊन चिकटते. मग १८० ते २०० अंशांच्या ओव्हनमध्ये दहा-वीस मिनिटं. पूड वितळते, पसरते आणि रासायनिक बंध होऊन कडक होते. एकाच हाताचा थर ६०-८० मायक्रॉन सहज बसतो. पातळ रंगाला त्यासाठी दोन-तीन हात लागतात.

एवढं वाचून वाटतं की हे नवं आणि ते जुनं, विषय संपला. तिथेच घोटाळा आहे.

१९४५ नावाचा सापळा

पावडर कोटिंगचा इतिहास शोधायला बसलात की पहिल्या पाच मिनिटांत एक वाक्य समोर येतं: डॅनियल गस्टिन यांना १९४५ मध्ये या पद्धतीचं अमेरिकन पेटंट मिळालं, क्रमांक २५,३८,५६२. हे वाक्य इंटरनेटवर इतक्या ठिकाणी आहे की मीही ते माझ्या पहिल्या प्रकरणाच्या मसुद्यात जसंच्या तसं ठेवलं होतं. वर्ष आहे, नाव आहे, क्रमांकसुद्धा आहे. अजून काय हवं?

क्रमांक आहे म्हणूनच ते वाक्य तपासता येतं. अमेरिकेत १८३६ पासून पेटंटना ओळीने क्रमांक देतात, मंजूर होतील तसे. प्रत्येक वर्षाचा पहिला क्रमांक कोणता, याची यादी उघड उपलब्ध आहे. १९४५ सालचा पहिला क्रमांक २३,६६,१५४ आणि १९४६ चा २३,९१,८५६. म्हणजे १९४५ मध्ये मंजूर झालेलं कुठलंही पेटंट या दोन आकड्यांच्या मधेच असणार. २५,३८,५६२ तिथे बसत नाही. १९५१ सालचा पहिला क्रमांक आहे २५,३६,०१६. त्यामुळे आपलं पेटंट १९५१ च्या जानेवारीतलं. १९४५ हे अर्ज दाखल झाल्याचं साल. कुणीतरी कधीतरी ‘अर्ज केला’ला ‘मिळालं’ म्हटलं आणि नंतर सगळे एकमेकांचं बघून लिहीत गेले. मीही त्याच रांगेत होते.

तुम्ही म्हणाल, सहा वर्षांनी काय बिघडतं? पुढचं नाव बघा. एर्विन गेमर हे जर्मनीतल्या क्नापझाक-ग्रीसहाइम या कंपनीतले. त्यांनी १९५३ मध्ये अर्ज केला आणि त्यांना १९५५ मध्ये पेटंट मिळालं. आता गस्टिन यांचं अर्जाचं साल आणि गेमर यांचं मंजुरीचं साल शेजारी ठेवलं, तर अमेरिका जर्मनीच्या दहा वर्षं पुढे होती असं दिसतं. अर्जाशी अर्ज लावला तर अंतर आठ वर्षांचं. मंजुरीशी मंजुरी लावली तर चारचं. ‘अमेरिकेने शोध लावला आणि जर्मनीने दशकभराने सुधारला’ अशी गोष्ट तुम्ही कुठली दोन सालं निवडता त्यावर उभी राहते किंवा कोसळते. माझ्या मसुद्यात ती अगदी ऐटीत उभी होती. दोन पानं काढून टाकावी लागली. (ती मी अजून जपून ठेवलीत. आपलंच वाक्य कसं फसवतं, हे बघायला बरी आहेत.)

म्हणून सालाजवळ नेहमी क्रियापद लिहा. ‘१९५३ गेमर’ असं टिपण काढू नका. ‘१९५३ अर्ज, १९५५ मंजूर’ असं काढा. कंटाळवाणं आहे, पण सहा महिन्यांनी वही उघडाल तेव्हा आठवण येईल.

पावडर चाकावर जन्मली नाही

गेमर यांची युक्ती आजच्या गनपेक्षा वेगळी होती. एका टाकीत प्लॅस्टिकची बारीक पूड घ्यायची आणि तळाच्या सच्छिद्र पत्र्यातून हवा वर सोडायची. पूड उकळत्या पाण्यासारखी हलकी होऊन तरंगते. तापवलेली वस्तू त्यात बुडवून काढली की पूड तिच्यावर वितळून बसते. थर जाड यायचा, काही वेळा पाव मिलिमीटरच्याही वर. तारा, जाळ्या, पाइप यांना हे उत्तम. दिसायला गुळगुळीत हवं अशा वस्तूला मात्र निरुपयोगी.

विजेचा भार देणारी पावडरची गन १९६० च्या दशकात युरोपात बाजारात आली आणि थर पातळ करता येऊ लागला. तेव्हाची मुख्य पावडर इपॉक्सीची. इपॉक्सी कडक आणि चिवट, पण उन्हात तिचा खडू होतो, बोट फिरवलं की पांढरी भुकटी हाताला लागते. त्यामुळे ती गेली घरात: फ्रिज, कपाटं, धुलाई यंत्रं. उन्हात टिकणारी पॉलिस्टर पावडर १९७० च्या आसपास युरोपात आली आणि मग खिडक्यांच्या अ‍ॅल्युमिनियम चौकटी, बागेतल्या खुर्च्या, कुंपणं तिच्याकडे गेली. म्हणजे ‘पावडर किती टणक’ ही तिची ख्याती फ्रिजवर आणि कुंपणावर कमावलेली आहे. चाकापर्यंत ती ख्याती आधी पोचली आणि अनुभव नंतर.

पण कारखानदार पावडरकडे वळले ते टणकपणासाठी का? मला कागदपत्रं वाचताना सगळ्यात जास्त मजा इथे आली, कारण उत्तर चाकात नाही आणि फ्रिजमध्येही नाही. ते लॉस एंजेलिसच्या हवेत आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून त्या शहरावर डोळे चुरचुरवणारं धुकं साचायचं. लोक कारखान्यांच्या धुराड्यांना दोष देत होते. कॅलटेकमधले आरी हागेन-स्मिट मूळचे डच जीवरसायनशास्त्रज्ञ. ते तोवर अननसाचा वास नेमका कशाचा, यावर काम करत होते. वासाचे सूक्ष्म अंश पकडण्याची ती हातोटी त्यांनी शहराच्या हवेवर वापरली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दाखवलं की हायड्रोकार्बनच्या वाफा आणि नायट्रोजनची ऑक्साइड यांच्यावर ऊन पडलं की हे धुकं तयार होतं. या वाफा गाडीच्या पेट्रोलमधून येतात, आणि रंगाच्या थिनरमधूनही. १९६६ मध्ये लॉस एंजेलिस परगण्याच्या प्रदूषण नियंत्रण खात्याने ‘रूल ६६’ आणला आणि उन्हात प्रक्रिया करणाऱ्या द्रावणांवर मर्यादा घातल्या. १९७० मध्ये अमेरिकेचा क्लीन एअर अ‍ॅक्ट आला.

झालं. रंग कंपन्यांना उत्तर शोधणं भाग पडलं. पाण्यावर आधारलेले रंग, कमी थिनरचे घट्ट रंग आणि पावडर हे तिन्ही रस्ते त्या काळात एकदम रुंद झाले. त्यात १९७३ चं तेलसंकट आलं. थिनर तेलापासूनच बनतो, तो महागला. ओव्हनचं इंधनही महागलं, मग पावडरचाही तोटा व्हायला हवा होता. पण पातळ रंगाच्या भट्टीत थिनरच्या वाफा साचून स्फोट होऊ नये म्हणून गरम हवा सतत बाहेर फेकावी लागते, म्हणजे विकत घेतलेली उष्णता आकाशात. पावडरला तेवढी हवा बाहेर टाकावी लागत नाही. शिवाय वस्तूवर न बसलेली पूड गोळा करून पुन्हा वापरता येते. पातळ रंगाचा हवेत गेलेला फवारा गेलाच.

तर पावडरच्या बाजूने पडलेली ही मतं बघा: कायदा, तेल, हवा खेचायच्या पंख्याचा खर्च. ‘चाकावर कोण जास्त टिकतं’ हा मुद्दा मतदानात नव्हताच.

‘पेंट’ म्हणजे तरी काय

मामाच्या प्रश्नातला दुसरा शब्द जास्त फसवा आहे. पुण्यातल्या कुठल्याही फर्निचरवाल्याकडे जा, तो विचारेल, “ड्युको मारायचा का?” हे ड्युपाँ कंपनीच्या १९२३ च्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचं नाव. जनरल मोटर्सने ते पहिल्यांदा १९२४ च्या ओकलंड मोटारीवर वापरलं. त्याआधी मोटारी बग्ग्यांसारख्याच वार्निशने रंगवल्या जायच्या आणि थरावर थर वाळायला आठवडे लागायचे. ड्युकोने ते काम तासांवर आणलं. मूळ रसायन केव्हाच मागे पडलं, नाव मात्र आपल्या सुतारकामात आणि गॅरेजात शंभर वर्षं टिकून राहिलं. शब्दकोशाच्या बाहेर राहिलेले असे शब्द हे फुकटचं साधन असतं. माझ्या वहीत त्यांचं वेगळं पान आहे.

ड्युकोनंतर अल्किड इनॅमल आली, मग अ‍ॅक्रिलिक, मग हार्डनर मिसळून वापरायचं पॉलियुरेथेन, ज्याला गॅरेजवाले ‘टू-के’ म्हणतात. १९७० च्या दशकातल्या व्यापारी मासिकात ‘पावडर रंगापेक्षा टिकाऊ’ असं छापलेलं सापडलं, तर तो कुठला रंग? आजच्या चाकावर मारलं जाणारं टू-के तिथे बहुधा स्पर्धेतच नव्हतं. तुलना करणाऱ्या जुन्या मजकुराचं हे नेहमीचं दुखणं आहे. एका बाजूचं नाव तेच राहतं आणि त्या नावाखालची वस्तू बदलून गेलेली असते.

मग चाकाचं काय

अलॉय चाकाची गोष्ट बहुतेक जण १९२४ पासून सुरू करतात. त्या वर्षी लिऑनच्या ग्रां प्रीमध्ये बुगाटी टाइप ३५ ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या चाकांवर धावली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शर्यतींच्या गाड्यांना हॅलिब्रँडची मॅग्नेशियमची चाकं आली. आपल्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या चाकालाही काही जण ‘मॅग व्हील’ म्हणतात, ते तिथून. मॅग्नेशियम हलकं, पण ओलाव्यात पटकन खराब होणारं. तिथे लेप शोभेसाठी नव्हता, धातू वाचवण्यासाठी होता. पोर्शे ९११ एसच्या प्रसिद्ध फुक्स चाकांना १९६० च्या दशकात तिसरंच काहीतरी केलं गेलं: अ‍ॅनोडायझिंग, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या पृष्ठभागावर त्याच्याच ऑक्साइडचा थर विजेने वाढवणं. हौशी मालक अशी चाकं सोलून त्यांना पावडर करून घेतात, तेव्हा तो मूळ थर कायमचा जातो. जुन्या गाड्या जपणारे त्यावर हळहळतात आणि मला वाटतं, त्यांचं बरोबर आहे. चाकावरचे थर हे दप्तरखानाच असतात. आडवा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर कुठला हात कधी चढला याचा क्रम वाचता येतो. सोललेल्या चाकाबरोबर तो दप्तरखाना गटारात जातो.

पण माझा आवडता पुरावा लोखंडी चाकाचा आहे. १९५७ पासून फोर्डमध्ये जॉर्ज ब्रुअर एका कल्पनेवर काम करत होते: वस्तू पातळ रंगाच्या टाकीत बुडवायची, वीज सोडायची आणि रंगाचे कण विजेने खेचून कोपऱ्याकोपऱ्यात बसवायचे. याला आज इलेक्ट्रोकोट किंवा ईडी कोटिंग म्हणतात आणि जगातल्या बहुतेक मोटारींच्या बॉडीचा पहिला थर हाच असतो. फोर्डने ही टाकी आधी कशावर चालवून पाहिली? चाकांवर, १९६१ मध्ये. बॉडीची टाकी १९६३ मध्ये आली.

म्हणजे चाकावरच हात बसवलेलं, पावडरही नसलेलं आणि फवाऱ्याचा पेंटही नसलेलं एक तिसरं तंत्र आहे, आणि मामाच्या प्रश्नात त्याला जागाच नाही. एवढंच नाही. आज कारखान्यातून येणारं अलॉय चाक अनेकदा असं घडतं: खाली पावडरचा प्रायमर, त्यावर पातळ रंगाचा थर आणि सगळ्यात वर पारदर्शक थर, जो पातळ असेल किंवा पावडरचाही. मामा ज्याच्याकडे बघून ‘पावडर की पेंट’ विचारत होता, त्या चाकावर मूळचे दोन्ही असण्याची शक्यता भरपूर होती.

मग हा ‘की’ आला कुठून? माझं उत्तर: दुरुस्तीच्या दुकानातून. कारखान्याकडे टाक्या, गन, ओव्हन सगळं एका रांगेत असतं. दुकानदाराकडे एकतर चाक मावेल असा ओव्हन असतो किंवा नसतो. ज्याने ओव्हनमध्ये पैसे घातलेत तो पावडर सांगणार. ज्याच्याकडे स्प्रे गन आणि शेड मिसळायचं यंत्र आहे तो पेंट सांगणार. दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नसतो. प्रत्येक जण आपल्या भिंतीतून दिसणारं सांगत असतो.

आणि त्या भिंतीतून दिसणाऱ्या गोष्टी खऱ्याच आहेत. पावडर करायची तर टायर, व्हॉल्व्ह, सेन्सर सगळं काढून चाक पूर्ण सोलावं लागतं. ओतीव धातूतल्या बारीक पोकळ्यांतली हवा ओव्हनमध्ये बाहेर पडून थराला फोड आणते, म्हणून आधी नुसतं चाक भाजून घ्यावं लागतं. आऱ्यांच्या आतल्या कोपऱ्यांत विजेचं क्षेत्र पोचत नाही आणि पूड तिथे बसायला कुरकुरते. नट बसतात ती जागा आणि हबला टेकणारा भाग झाकला नाही, तर जाड थर नंतर दबतो आणि आवळलेले नट सैल पडू शकतात. हे शेवटचं मी मामाला दोनदा सांगितलं. पेंटचं उलट: ओव्हन लागत नाही, फक्त खरवडलेली जागा लांबी भरून, घासून नीट करता येते, उरलेल्या तीन चाकांशी शेड जुळवता येते. पावडर डब्यातून येते त्याच रंगाची बसते. निळ्या आणि पिवळ्या पुडीचं मिश्रण हिरवं होत नाही, ठिपकेदार होतं.

मग उष्णतेची भीती. “भट्टीत घातलं की चाक कमजोर होतं,” हे पेंटवाल्याचं म्हणणं. ओतीव चाकाच्या नेहमीच्या मिश्रधातूला कारखान्यात सुमारे ५४० अंशांना तापवून पाण्यात विझवतात आणि मग साधारण १५०-१७० अंशांना काही तास मुरवतात. या मुरण्यातूनच ताकद येते. त्यावर २०० अंशांची वीस मिनिटं ही फार मोठी गोष्ट नाही. पण ओव्हनचा काटा बिघडलेला असेल, किंवा तेच चाक चार वेळा सोलून चार वेळा भाजलं गेलं असेल, तर मुरणं गरजेपेक्षा पुढे जातं आणि धातू मऊ होतो. म्हणजे पेंटवाला सांगतो ते चूकही नाही आणि तो सांगतो तसं बरोबरही नाही. अशा वाक्यांना मुलाखतीत खोडू नका, लिहून घ्या. ती कुठून आली हा शोधायचा धागा असतो.

टिकाऊपणाचे आकडे मागाल तर दोन्हीकडे ‘इतके तास सॉल्ट स्प्रे’ असा दाखला मिळेल. ही एएसटीएम बी११७ नावाची चाचणी, १९३९ पासूनची: ३५ अंशांच्या पेटीत पाच टक्के मिठाच्या पाण्याचा अखंड फवारा. शिस्तबद्ध चाचणी आहे. पण त्या पेटीत खडी उडत नाही, ऊन पडत नाही, ब्रेकची गरम लोखंडी भुकटी येऊन चिकटत नाही. मिठाच्या पेटीतले हजार तास म्हणजे रस्त्यावरची किती वर्षं, याचं ठराविक गणित नाही. आकडा दिसला की ‘किती’च्या आधी ‘कुठे मोजलं’ विचारा.

एक गोष्ट माझ्या तक्त्यात कधीच नव्हती आणि आता माझ्या प्रबंधातलं अख्खं प्रकरण आहे: रंग मारणारा माणूस. टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. फवाऱ्यातून ते श्वासात गेले तर दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की नंतर अगदी थोड्या मात्रेनेही झटका येतो. नाकाला रुमाल बांधून ते अडत नाहीत, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. मग पावडर सुरक्षित का? उन्हात टिकणाऱ्या पॉलिस्टर पावडरीत बराच काळ टीजीआयसी नावाचा हार्डनर वापरला गेला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस युरोपात त्याचं वर्गीकरण जनुकांवर परिणाम करणारा म्हणून झालं आणि तिथल्या उद्योगाने तो मोठ्या प्रमाणात बदलला. थिनर नाही म्हणजे विष नाही, असं नसतं. मामाला मिळालेल्या दोन्ही भावांमध्ये या फुप्फुसांची किंमत धरलेली नव्हती. कुठल्याच भावात मी ती अजून पाहिलेली नाही.

आता मामा. त्याने शेवटी पावडर ठरवलं. कारण विचारलं तर म्हणाला, “शेजाऱ्याने केलंय.” (हेही ऐतिहासिक कारणच आहे, हसू नका.) तिसऱ्या दिवशी दुकानातून फोन आला, येऊन बघून जा. मीही गेले. चारही चाकं रिमूव्हरच्या टाकीतून काढून, धुऊन ठेवली होती, नुसता करडा धातू. त्यांतल्या एकाच्या आतल्या बाजूला, टायर बसतो त्या कडेजवळ, मिस्त्रींना केसाएवढी रेघ दिसली होती. त्यांनी तिथे लाल डाय मारला, पुसला, वर पांढरा डेव्हलपर फवारला. दोन मिनिटांत पांढऱ्यावर लाल रेघ उमटली, बोटाच्या पेराहून लांब. तडा.

मग मामाला आठवलं. चार वर्षांपूर्वी हायवेवर खड्ड्यात चाक वाकलं होतं. कुणीतरी गॅसने तापवून, ठोकून सरळ केलं आणि वरून रंग मारून दिला. त्याच चाकावर मामा-मामी दर महिन्याला घाट उतरत होते.

मिस्त्री म्हणाले, “हे मी नाही भाजणार. दुप्पट पैसे दिलेत तरी नाही.” चाक भंगारात गेलं. जाण्याआधी त्यांनी हातोड्याने त्याचा एक आरा तोडून टाकला, पुन्हा कुणाच्या गाडीला लागू नये म्हणून.

मामा आता सगळ्यांना सांगत फिरतो की पावडर कोटिंगने जीव वाचवला. मी म्हटलं, पावडरने नाही, सोलण्याने वाचवला. पेंटवाल्याने पूर्ण सोललं असतं तर तिथेही दिसलं असतं, आणि बेफिकीर पावडरवाल्याने त्याच तड्यावर ८० मायक्रॉनचा झकास थर चढवला असता. मामा म्हणाला, “तुझ्या या ‘असतं’मुळेच तुझी पीएचडी लांबतेय.”

तीन चाकांना पावडर झाली. चौथं त्याने जुनं पण धड असलेलं, कारखान्याच्या मूळ रंगातलं मिळवलं. सावलीत चारही सारखी दिसतात, उन्हात चौथं जरा निळसर मारतं. मामा हल्ली ती बाजू भिंतीकडे येईल अशी गाडी लावतो.